लिफ्टला अहिराणी शिकविण्याची हकीकत

सुज्ञ वाचकहो, प्रारंभीच नम्रपणे निवेदन करतो की, या लेखनात जळगाव शहरातील एका चार मजली इमारतीच्या लिफ्टची, तिच्या मुखी आलेल्या चार भाषांची, आणि त्यापायी श्री. प्रेमराज पुना पाटील या सद्गृहस्थांच्या प्रतिष्ठेची जी ओढाताण झाली तिची साद्यंत हकीकत येणार आहे. हकीकतीत काही प्रसंग अंगावर काटा आणणारे आहेत. त्यांचा खुलासा लेखकाजवळ नाही. लेखक त्याच इमारतीच्या तळमजल्यावर कपड्यांना इस्त्री करतो, आणि खुलासे करण्याइतके त्याचे शिक्षण झालेले नाही. जे घडले ते मात्र स्वतः प्रेमराजभाऊंनी सांगितल्याप्रमाणे, पदरचे काहीही न घालता मांडले आहे.

प्रेमराजभाऊ हे एका माध्यमिक शाळेतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर परिपत्रके लिहिल्यामुळे त्यांच्या बोलण्यालाही परिपत्रकाचा वास लागलेला होता. भाजीवाल्या बाईला ते 'किंचित न्यून दराने देता येईल काय' असे विचारीत, आणि ती बाई पिशवीत वांगी टाकता टाकता शेजारणीला विचारी, 'हा दादा कोनता गावना शे वं?' दादा सोनगीरचे होते. किल्ल्याच्या पायथ्याशी जन्मलेले, अहिराणीतच रडलेले आणि अहिराणीतच मार खाल्लेले. परंतु नोकरी लागली त्या दिवसापासून त्यांनी ती बोली जणू जुन्या कोटासारखी घडी घालून ठेवली, ती पुन्हा बाहेर काढली नाही. आईशीही ते प्रमाण मराठीतच बोलत. आई अहिराणीत बोले. दोघांचे उत्तम चाले.

इमारतीच्या गृहसंस्थेचे ते सचिव होते, आणि ती इमारत म्हणजे एक नवलच होते. जिना चढू लागले म्हणजे प्रत्येक मजल्यावर जशी फोडणी बदले तशी भाषा बदले. पहिल्या मजल्यावर कापडाचे व्यापारी मगनशेठ. त्यांच्या घरात मारवाडी चाले आणि गिऱ्हाइकाशी हिंदी. दुसऱ्यावर रावेरकडचे केळीवाले कौतिकनाना, त्यांची लेवा बोली. तिसऱ्यावर रूपाताई नावाच्या परिचारिका. त्या पिंपळनेरच्या पलीकडच्या डोंगरातल्या. त्या फोनवर आपल्या माणसांशी जे बोलत ते इमारतीत दुसऱ्या कोणालाच समजत नसे. चौथ्यावर प्रेमराजभाऊ, त्यांच्या सौभाग्यवती रत्नावहिनी, आणि मातोश्री मंजुळाबाई.

मंजुळाबाई थंडीच्या दिवसांत सोनगीरहून आल्या होत्या. यजमान पुनाआबा वारल्यानंतर त्या गावी एकट्याच राहत. एके दिवशी न्हाणीत पाय घसरून पडल्या, आणि शेजारीण ताक मागायला आली तोपर्यंत तशाच पडून राहिल्या. म्हणून प्रेमराजभाऊंनी त्यांना जळगावला आणले. त्या एकदा कसाबसा जिना चढून चौथ्या मजल्यावर आल्या, आणि तेथेच राहिल्या. गुडघ्यांमुळे पुन्हा जिना उतरवत नसे आणि लिफ्टमध्ये त्या पाऊल ठेवीत नसत. कारण लिफ्टमध्ये एक बाई होती. ती दिसत नसे, पण प्रत्येक मजला आला की गोड आवाजात इंग्रजीतून काही सांगे.

"दिसत नही आनि बोलस," मंजुळाबाई म्हणत. "आशी बाईजोडे मी एकली उभी राहाव नही."

चैत्र लागला तेव्हा मंजुळाबाईंनी मुलाला पुढ्यात बसविले.

"प्रेम, आखाजीले माले सोनगीरले पोचाडी दे. आनि मंग मी तठेच राहसू."

"का गं आई? येथे काय उणे आहे?"

"तुना बाप यी ना तठे. घर बंद दखी ते पानी ना पेता परत जाई."

वाचकांस ठाऊकच आहे की, आपल्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरतात, सांजोऱ्या करतात, आणि भर दुपारी विस्तवावर घास टाकून त्यांना जेवायला हाक मारतात. त्या दिवशी गेलेली माणसे घरी येतात, असे सर्वजण मानतात.

"मग घागर आपण येथेच भरू," प्रेमराजभाऊ म्हणाले.

"आठे त्याले वाट कोन दावी? चौथा माळा. जिना त्याले चढावाव नही, दम्याना मानूस. आनि त्या पेटीमां ती बाई इंग्रजी बोलस. तुना बापले इंग्रजी येस का?"

आई एकदा सोनगीरला गेली की परतणार नाही, हे प्रेमराजभाऊंना कळत होते, आणि न्हाणीतली ती ओली फरशी त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. रात्रभर कूस बदलून सकाळी त्यांनी पत्नीस सांगितले, "लिफ्ट अहिराणी बोलू लागेल, अशी व्यवस्था करतो."

रत्नावहिनी धुळ्याच्या. त्यांनी चहाचा कप ठेवला आणि म्हणाल्या, "त्यापेक्षा आखाजीला तुम्हीच खाली जाऊन उभे राहा. मामंजींना हाताला धरून घेऊन या. खर्च वाचेल."

परंतु सचिव एकदा व्यवस्था म्हणाले म्हणजे व्यवस्था होणारच. त्यांनी लिफ्टच्या कंपनीला फोन लावला. यंत्राने हिंदीसाठी एक, इंग्रजीसाठी दोन दाबण्यास सांगितले. मराठीसाठी काहीच नसल्यामुळे प्रेमराजभाऊंनी निषेध म्हणून काहीच दाबले नाही, आणि बराच वेळ सनई ऐकली. अखेर एक मुलगी बोलू लागली. तेव्हा त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले, "आमच्या उद्वाहनातील ध्वनिमुद्रित निवेदनाची भाषा बदलावयाची आहे."

मग ती मुलगी अदबीने म्हणाली, "सर, आप कौन से देश से बोल रहे हैं?"

या प्रश्नाचा घाव प्रेमराजभाऊंच्या स्वाभिमानावर असा बसला की त्यांनी त्या दिवशी वरण भातावर न घेता वेगळे घेतले. अखेर हिंदीत समझोता झाला. कंपनीने कळविले की, अर्ज करावा, आणि अर्जावर सर्व रहिवाशांची संमती असावी. म्हणून गच्चीवर सभा बोलावण्यात आली, आणि येथूनच या हकीकतीला फाटे फुटले.

कौतिकनाना खुर्चीतून अर्धवट उठले. "हे काय बापा! लिफ्ट अहिराणी बोलेल, आन् आमची बोली नाही? आखाजीला मह्या बापानं काय उन्हात उभं राहायचं?"

"नाना, आपणांस अहिराणी समजते की," प्रेमराजभाऊ म्हणाले.

"मले समजते. मह्या बापाले कुठी समजत होती? त्याचं अन् सोनगीरच्या येपाऱ्याचं जनमभर भांडण झालं, कोणाले कोणाचं समजलं नाही म्हणून!"

मगनशेठ पोटावर हात ठेवून म्हणाले, "देखो सचिवजी, आखातीज तो हमारी भी है. सही मैं कर दूँगा. पण मारवाडी पाहिजे. बाऊजी हमारे बहुत रूठने वाले थे. दुसऱ्याच्या भाषेत बुलाया, तो आधे रस्त्यातून वापस जायेंगे."

सगळे हसले. रूपाताई हसल्या नाहीत. त्या कठड्याला टेकून उभ्या होत्या.

"आमची माणसं डोंगरातून येतात, भाऊ," त्या म्हणाल्या. "ती कधी शहरात आलीच नव्हती. त्यांना तुमच्यातली एकही भाषा कळत नाही. आमचीही बोली घाला."

त्यांनी हे अशा सरळ आवाजात सांगितले, की जणू माणसे स्टँडवर उतरलीच आहेत आणि रिक्षा ठरवायची राहिली आहे. गच्चीवर वारा पडलेला होता. कोणीतरी खाकरले, आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

कंपनीचा माणूस स्वप्नील याने आवाज मोबाइलवर भरून द्या म्हणून सांगितले. प्रत्येक भाषेत वाक्ये थोडीच होती. मजला आला, दार लागते आहे, आणि गर्दी झाली, एकाने उतरावे. परंतु मनुष्यप्राणी वाक्ये थोडी आहेत म्हणून थोडक्यात आटोपतो असे नाही. मगनशेठांनी दार लागण्याच्या सूचनेला आपल्या दुकानाचा पत्ता जोडला. तो काढून टाकताना ते रुसले. कौतिकनानांच्या ध्वनिमुद्रणात नेमक्या 'सांभाळून उतरा बापा' या ठिकाणी कुकरची शिट्टी झाली, आणि नानांनी पुन्हा बोलण्यास साफ नकार दिला. रूपाताईंनी दार लावून घेतले, हलक्या आवाजात एकदाच बोलल्या, आणि मोबाइल परत देताना त्यांचे डोळे ओले होते. ती बोली या लेखकाच्या कानात शिरते, परंतु लेखणीत उतरत नाही, क्षमा असावी.

अहिराणीची पाळी आली तेव्हा प्रेमराजभाऊ स्वतःच उभे राहिले. घसा साफ करून म्हणाले, "चतुर्थ मजला उना शे. समस्त प्रवासीसनी सावधानतापूर्वक..."

आतल्या खोलीतून मंजुळाबाईंचे हसणे ऐकू आले. जळगावला आल्यापासून त्या पहिल्यांदाच हसत होत्या.

"हाई कोन बोली राह्यनं रे? कलेक्टर उना का? तुना बाप हाई आयकीसन लिफ्टना दारमाच मुंडासं काढीसन उभा राही! दे माले ते यंत्र." आणि त्या सहज, चुलीजवळ बसून बोलावे तशा बोलल्या, "चौथा माळा उना. सांभाळीसन या. पाय दखीसन ठेवा."

स्वप्नीलने आवाज बसविले. प्रेमराजभाऊंनी आईला हात धरून लिफ्टच्या दाराशी आणले. दार उघडले, आणि रिकाम्या लिफ्टमधून मंजुळाबाईंचाच आवाज आला, "सांभाळीसन या."

मंजुळाबाईंनी मुलाचे मनगट घट्ट धरले. "मी आठे उभी शे," त्या पुटपुटल्या. "मंग तठे कोन शे?"

त्या मागे फिरल्या त्या देवघरात जाऊन बसल्या. ज्या कार्यासाठी एवढी खटपट केली ते कार्य अशा रीतीने मूळच्या जागेपासून दोन पावले मागे सरकले.

दुसरी आपत्ती अशी की, लिफ्ट प्रत्येक मजल्यावर चारही भाषांत बोले. तिचे बोलणे संपेपर्यंत दार उघडून पुन्हा लागण्याची वेळ येई आणि माणूस आतच राही. मगनशेठ एकदा पहिल्या मजल्यावर उतरायचे ते भाषा ऐकत ऐकत दोनदा गच्चीपर्यंत जाऊन आले. लोक जिन्याने जाऊ लागले. सूचनाफलकावर कोणीतरी खडूने लिहिले, 'लिफ्टचे भाषण चालू आहे, वर जाणाऱ्यांनी जिना वापरावा.' हे अक्षर कोणाचे याचा प्रेमराजभाऊंनी पुष्कळ तपास केला. ते रत्नावहिनींचे होते.

येथपर्यंत हकीकत हसण्यासारखी होती. आखाजी आठवड्यावर आली, आणि लिफ्टने चार भाषा बोलणे सोडले.

ती एकच बोलू लागली. कौतिकनाना आत शिरले की लेवा, मगनशेठ शिरले की मारवाडी. रूपाताई शिरल्या की ती हलका आवाज करून त्यांच्या बोलीत बोले. कोण शिरले हे तिला कसे कळते, म्हणून प्रेमराजभाऊंनी स्वप्नीलला बोलावले. त्याने फळी उघडली, तारा पाहिल्या, फळी लावली.

"असं काही सेटिंगच नाही यात, साहेब," तो म्हणाला.

"मग ती ओळखते कशी?"

स्वप्नीलने हत्यारे पिशवीत भरली. "मी जिन्यानं जातो," एवढेच तो बोलला.

मग ती न बोलावता येऊ लागली. दिवेलागणीला दुसऱ्या मजल्यावर आपोआप थांबे. कौतिकनानांनी घराचे दार उघडून पाहिले तर लिफ्टमध्ये कोणी नाही. त्यांचाच आवाज, त्यांच्याच कुकरच्या शिट्टीसह, 'सांभाळून उतरा बापा' म्हणे. मग लिफ्टचे दार जितका वेळ उघडे राहायला हवे त्याहून जास्त वेळ उघडे राही, जसे हळू चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी कोणी धरून ठेवावे तसे. नानांना केळीच्या कापलेल्या घडाच्या चिकाचा वास आला. त्यांच्या घरात त्या दिवशी केळे नव्हते.

"कोण हाये?" त्यांनी विचारले. त्यांनी घराचे दार लावले, आणि मग पुन्हा उघडून उंबऱ्यात पाण्याचा तांब्या ठेवला.

तातडीची सभा भरली. यावेळी गच्चीवर कोणी गेले नाही, सर्वजण लेखकाच्या इस्त्रीच्या टेबलाभोवती उजेडात उभे राहिले.

"हे सगळे आवाज पुसून टाका," नाना म्हणाले. "मह्या सुनेनं रात्री पाण्यालेही उठायचं सोडलं हाये."

"इंग्रेजी वाली बाई ही ठीक होती," मगनशेठ म्हणाले. "उसका कोई नहीं था."

प्रेमराजभाऊंची मान खाली गेली. सचिवपदाच्या कारकिर्दीत त्यांचा कोणताही ठराव असा उलटा मागे घेण्यात आला नव्हता. ठरले ते असे की, आखाजी होईपर्यंत लिफ्टच्या विजेचा खटका पाडून ठेवावा, आणि आखाजीच्या दुसऱ्या दिवशी स्वप्नीलने येऊन सर्व बोली काढून टाकाव्यात. रूपाताईंनी हात वर केला नाही, पण कोणी मोजलेही नाही.

मंजुळाबाईंनी हे ऐकले आणि गाठोडे बांधले. जुने लुगडे, पुनाआबांचा फोटो, सांजोऱ्यांसाठी घेतलेला रवा.

"आखाजीनी दुपार लोंग मी थांबसू," त्या म्हणाल्या. "आठे घागर भरसू. तो उना ते ठीक. नही उना ते दुपारनी एस्टीमां माले बसाडी दे."

"आणि लिफ्ट बंद असेल तर तो येणार कसा, आई?"

मंजुळाबाईंनी मुलाकडे पाहिले. "तूच सांग," त्या म्हणाल्या.

आखाजीचा दिवस उजाडला. वैशाखातली जळगावची दुपार ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते, दुकानांची फळकुटे लागलेली, आणि उन्हात सगळे इतके पांढरे आणि स्तब्ध होते, की शहर सोडून माणसे कुठे निघून गेली आहेत असे वाटावे. चौथ्या मजल्यावर घागर भरून ठेवली होती, तिच्यावर लहान मडके, मडक्यावर आंबा. विस्तव फुलला होता. मंजुळाबाई दाराकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि गाठोडे त्यांच्या मांडीशी होते.

प्रेमराजभाऊ उठले, जिना उतरून खाली गेले, आणि सभेचा ठराव मोडून त्यांनी खटका वर केला.

लिफ्ट तळमजल्यावरच होती. दार उघडले. आत कोणी नव्हते. आणि धोक्याचा भोंगा वाजू लागला.

वजन जास्त झाल्याचा तो भोंगा होता. त्याच्या मागोमाग आवाज आले, एकावर एक, चारही बोलींत: गर्दी झाली, एकाने उतरावे. गर्दी व्हयनी, एक जन उतरा. आत आरसा, पंखा, जमिनीवरचा रबराचा तुकडा. दुसरे काही नव्हते. आणि त्या रिकाम्या पेटीतून गारवा येत होता, माठाला पाठ टेकल्यावर यावा तसा. भोंगा थांबेना. जिन्यातून कौतिकनाना धावत आले, मगनशेठ धोतर सावरीत आले, रूपाताई आल्या. रत्नावहिनी कणकेच्या हातांनी आल्या.

"सचिवसाहेब," नाना कुजबुजले, "बोला काहीतरी."

प्रेमराजभाऊंनी हात जोडले. "सन्माननीय पूर्वजहो," ते म्हणाले, "आपण सर्वांचे आमच्या गृहसंस्थेत हार्दिक स्वागत आहे. तथापि यंत्राच्या मर्यादा लक्षात घेता, आपणांपैकी काहींनी कृपया..."

भोंगा अधिकच मोठ्याने वाजू लागला.

"अहो, काय करता!" रत्नावहिनी ओरडल्या. "नोटीस वाचताय का त्यांच्यापुढे?"

तेव्हा मगनशेठ पुढे झाले. "बाऊजी," ते म्हणाले, "थे बारै आवो सा. आपणो घर पैले माळै है. म्हैं अठै ऊभो हूँ." आणि त्यांनी आपला जाड हात पुढे केला. तो हात तसाच हवेत धरून ते जिन्याकडे वळले. एक पायरी चढत, थांबत, पुन्हा चढत, सबंध जिनाभर ते कोणाशी तरी रागवल्यासारखे आणि रडल्यासारखे बोलत गेले.

भोंगा थोडा उतरला.

"बाबा," कौतिकनाना म्हणाले, आणि त्यांचा आवाज पोरासारखा झाला. "या बापा. मी रोज दार लावत होतो, चुकलं मह्यं. चला, जिना हाये, पण मी हाये ना सोबत." तेही कोपर पुढे करून गेले. केळीच्या चिकाचा वास त्यांच्यामागून जिना चढला.

रूपाताईंनी मात्र एकालाच हाक मारली नाही. त्यांनी एकामागून एक नावे घेतली. नावे संपेनात. प्रत्येक नावाबरोबर दारातून गार वाऱ्याची झुळूक निघे आणि जिन्याच्या खिडकीचा पडदा हले. आजी असेल, पणजी असेल, त्यांच्या आधीचे असतील. डोंगर उतरून सगळा गोतावळा आला होता. रत्नावहिनी भिंतीला चिकटून वाट देत उभ्या राहिल्या. शेवटचे नाव घेऊन रूपाताई निघाल्या, तेव्हा त्यांच्या मागे तिसऱ्या मजल्यापर्यंत पडदे एकामागून एक हलत गेले.

भोंगा थांबला.

परंतु दार लागले नाही. लिफ्ट उघडीच उभी राहिली. प्रेमराजभाऊंना समजले की आत अजून एक जण आहे, आणि त्याला बटण कोणते दाबायचे ते माहीत नाही. बाजाराला निघाल्यावर पुनाआबा असेच सगळ्यांना पुढे जाऊ देत आणि शेवटी आपण उरत.

प्रेमराजभाऊंनी तोंड उघडले. मराठीतले सगळे शब्द त्यांच्या पुढ्यात रांगेने उभे राहिले, आणि त्यांतला एकही उपयोगाचा नव्हता. घामाने त्यांचा सदरा भिजला. मग कुठूनतरी, फार खालून, ते आले.

"आबा," ते म्हणाले. "मी शे, प्रेम. घाबरू नका. हाई पेटी काही करस नही. वर माय कव्हयनी वाट दखी राह्यनी. चाला, मी येस तुमनासंगे."

ते आत शिरले. चौथ्याचे बटण दाबले. डाव्या बाजूला कोणी उभे राहिल्यावर जशी जागा भरते तशी ती भरलेली होती, आणि दम लागलेल्या माणसाचा बारीक श्वास ऐकू येत होता. समोर आरसा होता. आरशात पाहायचे नाही असा प्रेमराजभाऊंनी निश्चय केला, आणि आयुष्यातले पुष्कळ निश्चय मोडले तरी हा मात्र पाळला. लिफ्ट चढू लागली तेव्हा कोणीतरी त्यांचे मनगट धरले. त्यांनी ते सोडवून घेतले नाही.

"चौथा माळा उना," वरून आईचा आवाज म्हणाला. "सांभाळीसन या. पाय दखीसन ठेवा."

दार उघडले. मंजुळाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी पदर कपाळापर्यंत ओढलेला होता, आणि त्यांची नजर मुलाच्या चेहऱ्यावर नव्हती, तर त्याच्या जरा डावीकडे, खांद्याच्या उंचीवर होती.

"कितला वाळी गयात," त्या म्हणाल्या. "चाला, घास थंडा व्हई राह्यना."

जेवणाच्या वेळी काय झाले ते प्रेमराजभाऊंनी लेखकास सांगितले नाही, आणि लेखकाने विचारले नाही. एवढेच कळले की, त्या दुपारी इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर दार बंद करून माणसे हळू आवाजात बोलत होती, आपापल्या बोलीत, आणि मधूनमधून कुठेतरी कोणी हसत होते. उन्हे कलल्यावर मंजुळाबाई उठल्या. गाठोडे सोडून त्यांनी लुगडे दोरीवर टाकले. मग त्या सावकाश चालत लिफ्टपाशी गेल्या, आणि ज्या पेटीत त्यांनी आजवर पाऊल ठेवले नव्हते तिच्यात शिरून बाजूला सरकल्या, शेजारी दुसऱ्याला जागा करून द्यावी तशा.

"आई, तू कुठे..." प्रेमराजभाऊ म्हणाले, आणि थांबले. निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये.

"त्यासले खाल लोंग पोचाडी येस," मंजुळाबाई म्हणाल्या. दार लागले.

प्रेमराजभाऊ दारासमोर उभे राहिले. दाराच्या वरच्या काचेवर आकडे उतरत गेले, तीन, दोन, एक, आणि मग तळमजला. तेथे ते थांबले. पुष्कळ वेळ थांबले. रत्नावहिनी येऊन त्यांच्याजवळ उभ्या राहिल्या. प्रेमराजभाऊंच्या मनात नाही नाही ते येऊन गेले. आई आबांबरोबर तशीच पुढे चालत गेली असेल, फाटकातून, रस्त्याने, उन्हातून, सोनगीरपर्यंत, आणि त्याच्याही पलीकडे. हाक मारण्याचे बळ त्यांच्यात उरले नव्हते.

मग काचेवर आकडा हलला. एक. दोन. तीन.

दार उघडले. मंजुळाबाई होत्या. एकट्याच.

"गयात," पदर नीट करीत त्या म्हणाल्या. "आते वाट पाठ व्हयनी त्यासले. पुढला साल आठेच येतीन." त्या दोन पावले चालून थांबल्या. "ते यंत्रवाला पोर्‍या सकायले यी ना? त्याले सांग, काही पुसू नको म्हना."

स्वप्नील सकाळी आला, तेव्हा चारही मजल्यांवरचे रहिवासी लिफ्टच्या दाराशी उभे होते, आणि त्याला चहा पाजून परत पाठविण्यात आले.

येथे ही हकीकत समाप्त झाली. इस्त्रीच्या टेबलावर बसून, पुसून आणि पुन्हा लिहून ती आपणांपर्यंत पोहोचविली आहे. आपण ती शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल आपल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.

— भिकन जीवराम परदेशी, जळगाव